लाँगबोच्या पट्ट्या, त्यांचा टेपर आणि अंबडमधील एक सुतारशाळा

नाशिकमध्ये स्वतःच्या हाताने लाकडी लाँगबो, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर चिकटवून केलेले लांब धनुष्य, बांधू पाहणाऱ्यांची संख्या मोठी नाही, पण जे आहेत त्यांची अडचण जवळजवळ एकच असते. सरळ रेषांचे लाकूड वखारीत शोधले तर मिळते, बांबू मिळतो, चिकटवायला इपॉक्सी मिळते. मात्र ठरलेल्या टेपरची, म्हणजे टोकाकडे ठरावीक दराने पातळ होत जाणारी, आणि मुठीच्या वरच्या-खालच्या दोन्ही भुजांसाठी जाडीला तंतोतंत जुळणारी पट्टी घासून देणारे कोणी मिळत नाही. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका सुतारशाळेने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली आहे. तिथून करून घेतलेल्या पट्ट्यांपासून बांधलेले धनुष्य मी आता नियमित वापरतो आहे. त्या सेवेबद्दलचा हा सविस्तर अभिप्राय आहे आणि ज्यांना पट्ट्या मागवायच्या आहेत त्यांना नेमके काय मागावे हे ठरवता यावे, हाही तो लिहिण्यामागचा हेतू आहे.

ही सुतारशाळा धनुष्यांसाठी उघडलेली नाही. तिचा मूळ धंदा ओतकामासाठी लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उमटवण्याचे नमुने, बनवण्याचा आहे. वाळूच्या साच्यातून पॅटर्न साचा न मोडता वर निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना अगदी बारीक उतार द्यावा लागतो आणि धातू थंड होताना आकसतो, ते गृहीत धरून मापेही वाढवून घ्यावी लागतात. त्यामुळे मिलिमीटरच्या दशांशात विचार करण्याची सवय इथल्या कारागिरांना आधीपासून आहे. फर्निचरच्या कारखान्यात लाकूड घेऊन गेले की ‘एवढ्याने काय फरक पडतो’ हे वाक्य हमखास ऐकू येते. इथे ते कोणी उच्चारत नाही.

फरक किती पडतो, हे आधी सांगायला हवे. पट्टीचा ताठरपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी दुप्पट केली तर ताठरपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. याचाच व्यवहारातला अर्थ असा की जाडीतील एक टक्क्याचा फरक धनुष्याच्या ओढीत, म्हणजे दोरी ताणायला लागणाऱ्या जोरात, सुमारे तीन टक्क्यांचा फरक घडवतो. एकूण जाडी १० मिमी असलेल्या ४५ पाउंडांच्या धनुष्यात एका भुजेच्या पट्ट्या मिळून दुसरीपेक्षा केवळ ०.१ मिमीने जाड निघाल्या, तर ती भुजा तीन टक्क्यांनी ताठर होते. पूर्ण लाकडी धनुष्यात हा फरक नंतर घासून काढता येतो, पण काचतंतूच्या थराखाली दबलेल्या पट्ट्यांना हात लावता येत नाही; तिथे फक्त कडा घासून रुंदी कमी करत बसावे लागते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या कागदावर लाकडांची नावे, प्रत्येक पट्टीची जाडी आणि टेपरचा आकडा एवढेच लिहिलेले होते. मालकांनी कागद वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारले, “सर, जाडी कळली, उतार कळला. पण टोकाला रुंदी किती ठेवणार? ती सांगितल्याशिवाय हा उतार बरोबर की चूक, मी कसं सांगू?” मी म्हटले, “काका, मुठीजवळ ३२ आणि टोकाला १२ मिमी.” त्यांनी भिंतीला टेकवलेल्या प्लायवूडच्या फळीवर पेन्सिलीने भुजेचा आराखडा काढला, मध्यावर आणि पाऊण अंतरावर रुंदी मोजली आणि मगच आकडेमोडीला सुरुवात केली. या सेवेचे खरे मोल मला त्या प्रश्नात दिसते, आणि तो प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे थोडे विस्ताराने मांडतो.

धनुष्य ताणले की दोरी भुजेच्या टोकाला खेचते. भुजा वाकवणारा जोर मुठीजवळ सर्वांत जास्त असतो आणि टोकाकडे तो कमी कमी होत साधारण शून्यावर येतो. भुजा सर्वत्र सारखी जाड आणि सारखी रुंद ठेवली, तर सगळा वाक मुठीजवळ एकवटतो आणि बाहेरचा भाग काहीही काम न करता नुसते वजन बनून राहतो. वाक सगळ्या भुजेवर पसरवायचा असेल तर टोकाकडे जाताना ताठरपणा कमी करत न्यावा लागतो. ते दोन मार्गांनी करता येते: रुंदी कमी करून किंवा जाडी कमी करून. रुंदी एकसमान दराने टोकाशी जवळजवळ शून्यापर्यंत उतरवली, तर जाडी सर्वत्र सारखी ठेवूनही भुजा वर्तुळाच्या कमानीसारखी वाकते. उलट रुंदी अजिबात न बदलता तीच कमान हवी असेल, तर भुजेच्या मध्यावर जाडी मुठीजवळच्या जाडीच्या सुमारे ७९ टक्के आणि पाऊण अंतरावर सुमारे ६३ टक्के असावी लागते. लाँगबो या दोन टोकांच्या मध्ये येतो. त्याची रुंदीही उतरते आणि जाडीही उतरते. म्हणून रुंदी न सांगता टेपर ठरवणे म्हणजे अर्धेच गणित मांडून उत्तर मागणे होय.

माझ्या मापांपुरते बोलायचे तर, फळीवर काढलेल्या त्या आराखड्याप्रमाणे ३२ मिमीवरून १२ मिमीवर उतरणाऱ्या रुंदीला वर्तुळाकार वाकासाठी मध्यावर सुमारे ८७ टक्के आणि पाऊण अंतरावर सुमारे ७४ टक्के जाडी लागते. पाऊण मीटर लांबीच्या वाकणाऱ्या भुजेची मुठीजवळची एकूण जाडी १० मिमी धरली, तर प्रति मीटर ४ मिमी इतका एकूण टेपर या आकड्यांच्या अगदी जवळ जातो. मध्यावर तो किंचित मऊ आणि बाहेरच्या भागात किंचित ताठर पडतो, जे लाँगबोला चांगलेच मानवते, कारण शेवटचा वीतभर भाग फारसा वाकू नये अशीच अपेक्षा असते. हाच टेपर इंग्रजी मापात सांगणारे ‘इंचाला ०.००४’ म्हणतात, प्रमाण तेच असल्यामुळे आकडा बदलत नाही. आता याच भुजेला कोणी हौसेने प्रति मीटर ६ मिमी टेपर दिला, तर बाहेरचा अर्धा भाग गरजेपेक्षा पंचवीस ते तीस टक्क्यांनी दुबळा होतो, टोके चाबकासारखी वाकतात, आणि मुठीजवळचे लाकूड स्वस्थ बसून राहते. टोके हलकी असली की बाण वेगाने सुटतो हे खरे आहे. पण हलकेपणा टोकाची रुंदी कमी करून मिळवावा, जाडी खरवडून नव्हे, या मताचा मी आहे, कारण जाडीत केलेली काटकसर घनाच्या हिशेबाने वसूल होते.

मात्र हे सगळे १० मिमी जाडीच्या, म्हणजे पाठीला (धनुर्धरापासून दूरच्या बाजूला) आणि पोटाला (त्याच्याकडच्या बाजूला) काचतंतूचा थर असलेल्या धनुष्याचे झाले. मला हवे होते ते काचतंतू नसलेले, केवळ बांबू आणि लाकूड असलेले धनुष्य. त्यात तेवढ्याच ओढीसाठी भुजा बरीच जाड होते; माझ्या मुठीजवळची जाडी १५ मिमी ठरली. टेपर जाडीच्या प्रमाणात मोजायचा असतो, त्यामुळे १० मिमीला ४ पुरतो तिथे १५ मिमीला ६ लागतो. हे सांगण्याचे कारण असे की काचतंतूच्या धनुष्यासाठी कोणीतरी सुचवलेला आकडा उचलून लाकडी धनुष्याला लावण्याचा मोह अनेकांना होतो. त्यातून जी भुजा तयार होते ती मुठीजवळ वाकते, टोकाला ताठ राहते आणि तिचे टोक बोथट लाकडाच्या ओझ्याने बाणाचा वेग खाते.

एकूण ६ मिमीचा हा टेपर एकाच पट्टीत घालता येत नाही. ९० सेंटिमीटर लांबीत तो ५.४ मिमी होतो, आणि ५ मिमीची पट्टी मग टोकापर्यंत पोहोचण्याआधीच संपते. म्हणून तो वाटून घ्यायचा. आम्ही पाठीच्या बांबूला प्रति मीटर १ मिमी, मधल्या पट्टीला २ आणि पोटाच्या पट्टीला ३ अशी वाटणी केली. मुठीजवळ बांबू ४, मधली पट्टी ५ आणि पोट ६ मिमी. टोकाला अनुक्रमे ३.१, ३.२ आणि ३.३ मिमी. टोकाकडे तिन्ही थर जवळपास सारख्या जाडीचे उरतात, त्यामुळे कोणताही थर कागदासारखा पातळ होऊन गोंदकामात फाटत नाही.

घासण्याचे काम ड्रम सँडरवर, म्हणजे घासकागद गुंडाळलेल्या फिरत्या रुळाच्या यंत्रावर, होते. त्यासाठी मालकांच्या मुलाने शेजारच्या टूलरूममधून ॲल्युमिनियमच्या तीन उतरत्या पाट्या मिलिंग करून आणल्या आहेत, प्रति मीटर १, २ आणि ३ मिमीच्या. पट्टी पाटीवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवतात, जाड टोकाला खूण करतात आणि पाटीसकट ती ड्रमखालून काढतात. एका वेळी दोन दशांश मिलिमीटरहून जास्त लाकूड घेत नाहीत, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत ड्रमची उंची न बदलता तीच पट्टी पुन्हा फिरवतात, म्हणजे दाबाने राहिलेला उंचवटाही निघून जातो. वरच्या आणि खालच्या भुजेची पट्टी एकाच फळीतून शेजारी शेजारी कापलेली असते आणि ड्रमची एक जागा पक्की ठेवून दोन्ही पट्ट्या लागोपाठ घासतात. मला ही पद्धत विशेष भावली, कारण पट्टीची जाडी कागदावरच्या आकड्यापासून थोडी हलली तरी चालते, पण जोडीतल्या दोन पट्ट्यांमध्ये फरक पडलेला चालत नाही.

घरी आणून मी मायक्रोमीटरने दर दहा सेंटिमीटरवर दोन्ही कडांना मोजणी केली. लाकडी पट्ट्यांमध्ये जोडीतला फरक कुठेही ०.०५ मिमीच्या वर गेला नाही, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचा फरक त्याहूनही कमी होता. दुसरी मोजणी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण पट्टी एका कडेला जाड असली की भुजा पिळवटते आणि दोरी मधल्या रेषेवर बसत नाही. बांबूच्या बाबतीत मात्र ही अचूकता नाही, आणि ती मागणेही योग्य नाही. पाठीला बांबूचे बाहेरचे कवच तसेच ठेवायचे असते, पेरे कापायची नसतात, आणि पेऱ्यांच्या उंचवट्यांमुळे पट्टी सँडरच्या पाटीवर सपाट बसत नाही. म्हणून बांबू इथे आतल्या बाजूने हातरंध्याने काढतात. त्यात दोन दशांशापर्यंत चढउतार आढळला. धनुष्य पूर्ण लाकडी असल्यामुळे नंतर पोटाकडून घासून भुजांचा समतोल साधायचाच होता; त्यामुळे मला अडचण आली नाही. तेवढ्यासाठीच मी हव्या असलेल्या ओढीपेक्षा पाच पाउंड जास्त धरून जाडी सांगितली होती, आणि तसे करण्याचा सल्ला इतरांनाही देईन.

लाकडाच्या निवडीबद्दल सुतारशाळेचे आणि माझे मत सर्वत्र जुळले नाही. त्यांच्याकडे शिसवाच्या आणि जुन्या सागाच्या सुंदर फळ्या आहेत आणि मधल्या पट्टीसाठी ते त्या आग्रहाने दाखवतात. पण मधल्या पट्टीवर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही असे मला ठामपणे वाटते. भुजा वाकते तेव्हा पाठ ताणली जाते, पोट दाबले जाते आणि मध्यरेषेवर ताण किंवा दाब नसतो. तिन्ही थर सारख्या लाकडाचे आणि सारख्या जाडीचे धरले, तर मधला एक तृतीयांश भाग एकूण ताठरपणात एक सत्तावीसांश, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी भर घालतो. तिथे हलके, सरळ रेषांचे आणि गोंद चांगला धरणारे लाकूड पुरते. काचतंतूच्या धनुष्यात तर दोन्ही बाजूंचे एकेक मिलिमीटरचे थरच सुमारे तीन चतुर्थांश काम करतात. आतले लाकूड त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवते.

खरी कसोटी पोटाच्या पट्टीची असते. बांबूचे बाहेरचे तंतू ताण इतका सोसतात की दाबात कमकुवत असलेले लाकूड पोटाला लावले, तर बांबूला काही होत नाही आणि पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या पडून धनुष्य कायमचे वाकून राहते. मी धामण निवडली. कुऱ्हाडीचे दांडे आणि गाडीच्या दांड्या धामणीच्या करतात, ते तिच्या चिवटपणामुळे आणि लवचीकपणामुळे. साग आकार उत्तम धरतो, पावसाळ्यात फारसा हलत नाही, पण वारंवार वाकून पूर्ववत होण्याच्या गुणात तो धामणीच्या मागे आहे. सुतारशाळेत धामण तयार नसते. ती आपण आणून द्यावी लागते आणि आणताना फळीच्या कडेवरून रेषा बाहेर पळत नाहीत ना, एवढे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. बांबूही आपलाच न्यावा. पाठीसाठी जाड भिंतीचा आणि मोठ्या घेराचा कळक चांगला, कारण घेर मोठा असला की पट्टीचा वरचा पृष्ठभाग जास्त सपाट येतो. माणवेल भरीव आणि मजबूत असला तरी लहान घेरामुळे त्याची पट्टी पाठीला फार गोल राहते. पावसाळा सरल्यावर थंडीत तोडलेला बांबू घ्यावा. ओला, पिठूळ बांबू घेतला तर भुंगा लागून पट्टी आतून पोखरली जाते.

पाठ ताणासाठी आणि पोट दाबासाठी, ही विभागणी फार जुनी आहे. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलेल्या मेरी रोझ या इंग्लिश युद्धनौकेवर शंभराहून अधिक अखंड लाँगबो सापडले. ते यू या सूचिपर्णी झाडाच्या एकाच अखंड लाकडाचे आहेत, पण पाठीला त्या झाडाचे बाहेरचे फिकट लाकूड आणि पोटाला आतले गडद लाकूड राहील असे ते काढलेले आहेत. जे आपण तीन पट्ट्या चिकटवून साधतो ते झाडानेच साधून दिलेले होते. विसाव्या शतकात हॉवर्ड हिल या अमेरिकन धनुर्धराने बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेले लांब, अरुंद लाँगबो वापरले. आपल्याकडे भिल्ल समाजाचे धनुष्य बांबूच्या एका चिरफाळीचे असते आणि दोरीही बांबूच्याच सालपट्टीची. ज्या भागात असे धनुष्य अजून वापरात आहे, त्या भागातल्या जाणत्या माणसाला बांबू दाखवून घेणे हा माझ्या मते कोणत्याही मोजमापाइतका विश्वासाचा उपाय आहे.

आता उणिवा सांगतो, कारण त्या आहेत. एका खेपेला माझ्या मधल्या पट्ट्यांचा पृष्ठभाग चकचकीत, जणू पॉलिश केल्यासारखा आला. ड्रमवरचा कागद जुना झाल्याने लाकूड घासले न जाता दाबले आणि तापले गेले होते, आणि अशा पृष्ठभागात इपॉक्सी मुरत नाही. नखाने ओरखडून दाखवल्यावर त्यांनी वाद न घालता जाड दाण्याचा नवा कागद लावून त्या पट्ट्या पुन्हा फिरवून दिल्या; जाडी किंचित घटली, पण जोडी जुळलेली राहिली. तरीही पट्ट्या घेताना पृष्ठभाग उजेडात तिरका धरून पाहावा आणि साठ ते ऐंशी दाण्याचा कागद लावायला आधीच सांगावे. दुसरी उणीव खुणांची. जाड टोकाची खूण ते पट्टीच्या रुंद बाजूवर मेणाच्या खडूने करतात. तिथेच गोंद लागायचा असतो, आणि मेणावर गोंद धरत नाही. खूण कडेवर पेन्सिलीने करावी अशी विनंती मी केली, ती एका जोडीला पाळली गेली आणि पुढच्या जोडीला विसरली गेली. तिसरी गोष्ट वेळेची. कारखान्यांच्या पॅटर्नचे काम आले की धनुष्याच्या पट्ट्या मागे पडतात. त्यांचा पोटापाण्याचा धंदा तोच असल्याने याबद्दल माझी तक्रार नाही, पण फोन केल्याशिवाय आपला नंबर कधी लागला हे कळत नाही, ही गैरसोय आहे.

हवामानाचा विचार या सेवेत कोणी करून देत नाही, तो आपणच करावा लागतो. नाशिकमध्ये एप्रिल-मेमध्ये लाकूड कोरडे ठणठणीत होते आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगते. भर पावसाळ्यात घासलेली पट्टी दिवाळीनंतर मोजली तर जाडी बदललेली आढळते. लाकडात आठ ते दहा टक्के ओलावा असताना घासावे आणि लगेच चिकटवावे, हा सुरक्षित मार्ग आहे. सुतारशाळेत ओलावामापक आहे आणि मागितला तर काका स्वतः पट्टीला टोचून आकडा दाखवतात. मात्र विचारल्याशिवाय तो खणातून बाहेर येत नाही. घासलेल्या पट्ट्या घरी नेऊन महिनाभर माळ्यावर टाकून ठेवू नयेत. चिकटवण्यासाठी मी संथ गतीने पक्व होणारी दोन भागांची इपॉक्सी वापरली. साध्या पांढऱ्या गोंदाने बैठकीच्या खुर्च्या टिकतात, पण सतत ताणाखाली तो हळूहळू सरकतो, म्हणून जिथे थरांमध्ये दर वेळी कातरणारा जोर येणार आहे तिथे त्यावर भरवसा ठेवावासा मला वाटत नाही.

आकारणी जोडीवर होते. लाकूड आपले असेल तर दोन भुजांच्या सगळ्या पट्ट्या घासून, बांबू रंधून मला साधारण बाराशे रुपये द्यावे लागले. लाकूड त्यांचे घेतल्यास त्याचे वेगळे. मिळालेल्या अचूकतेच्या मानाने हा दर मला रास्त वाटतो. धनुष्य २८ इंच ताणल्यावर ठरवल्याप्रमाणे ४५ पाउंडांवर आले आणि दोन्ही भुजांचा वाक समतोल करण्यासाठी पोटाकडून जे लाकूड काढावे लागले, ते बहुतांशी मी जास्त धरलेल्या जाडीचेच होते. पट्ट्यांतला फरक भरून काढण्यासाठी वेगळे काम करावे लागले नाही.

ज्यांना तिथे जायचे आहे त्यांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर जावे, त्या वेळी ड्रम सँडर मोकळा असतो. सोबत भुजेचा पूर्ण आकाराचा कागदी आराखडा, प्रत्येक दहा सेंटिमीटरवरची रुंदी, मुठीजवळची एकूण जाडी आणि टेपरची थरनिहाय वाटणी लिहून न्यावी. काचतंतू वापरणार असाल तर त्याची जाडीही सांगावी, कारण ती एकूण जाडीतून वजा करून मगच लाकडाचा हिशेब होतो. प्रति मीटर १, २ आणि ३ मिमी याखेरीज वेगळा टेपर हवा असेल तर पाटी नव्याने मिलिंग करावी लागते आणि तिचा खर्च ग्राहकाकडून घेतात. पण या तिन्हींच्या जोडणीतून लाँगबोला लागणारा जवळजवळ प्रत्येक एकूण टेपर साधता येतो. पुढच्या धनुष्यासाठीची धामण मी आताच आणून त्यांच्याकडे ठेवली आहे, ती दिवाळीनंतर ओलावा उतरला की घासायला घेतील.